सोडलेले तेवीस प्रश्न

उमरेड
रविवार, ९ मार्च २०२५

चि. हर्षा हिस,
लतिका आत्याचे अ. उ. आ.

पत्र डब्याच्या खाली ठेवलं आहे. आधी झुणका-भाकर खाजो अन् मंग वाचजो. तू उलटंच करशील हे मले माहीत आहे.

तुझा मोबाईल परीक्षा होईपर्यंत तुझ्या आईच्या कपाटात बंद. तुझ्या त्या साध्या फोनवर बोलावं तं माझे कान कामातून गेलेले. मागच्या रविवारी तू दहा मिनिटं बोलली अन् मी दहा मिनिटं हाव हाव केलं. त्यातलं एक अक्षर समजलं असन तं शपथ. जितेंद्र कंडक्टर नागपूरच्या गाडीत तुझा डबा आणतातच, त्यात एक कागद त्यायले जड नाही. म्हणून आता पत्रच लिहीन म्हणते.

तुझी आई सांगत होती का तीन तीन परीक्षांनी तुझ्या डोक्यात खिचडी होऊन राहिली. म्हणून मी पेशंटच्या चार्टासारखा एक तक्ता आखला, तो सोबत आहे. आडव्या ओळीत परीक्षा. पहिली नीट, ती मिलिटरी नर्सिंगसाठी लागते. दुसरी एम्सची नर्सिंगची, त्यातून आपल्या मिहानमधल्या एम्सलेही नंबर लागते. तिसरी राज्याची नर्सिंग सीईटी, सरकारी कॉलेजातल्या बी.एस्सी. नर्सिंगसाठी. वरचे रकाने म्हणजे विषय, प्रश्न, वेळ, कागदावर का कंप्युटरवर, अन् चुकीच्या उत्तराले किती गुण कापतात. तू ठेवून गेलेल्या दोन पुस्तिका चष्मा पुसून पुसून वाचल्या. स्केलनं रेघा मारता मारता चार संध्याकाळी गेल्या, तुझी आई हसून राहिली होती का ताई, आता तुम्हीच परीक्षेले बसा.

खाली लाल शाईत लिहिलं आहे ते मुख्य: शंका आली का हात मागे. चौतीस वर्षं मी याच एका वाक्यावर नोकरी केली. ज्या उत्तराची खात्री नाही ते सोडून द्यायचं अन् पुढे जायचं. हे पाळलं तं तुले कोणी हलवत नाही.

लोभ आहेच, तो रिकाम्या डब्यासंगं वापस पाठवजो.

तुझी,
लतिका आत्या

•

बेसा, नागपूर
रविवार, १६ मार्च २०२५

ती. आत्याबाईंस,
हर्षाचा शि. सा. न. वि. वि.

झुणका आधी खाल्ला असं लिहिणार होती, पण तक्त्यावर तेलाचं बोट उमटलं आहे, म्हणून खोटं बोलत नाही. तक्ता पलंगासमोरच्या भिंतीवर चिकटवला. माझी रूममेट दीक्षा पवनीची आहे, ती म्हणे हे काय आय.सी.यू. आहे काय वं. तिले हसायले काय होते! ती फक्त राज्याची सीईटी देऊन राहिली, तिले तीन परीक्षांचं झंझट नाही.

आत्याबाई, मले भेव लागून राहिलं आहे. आईले सांगू नका. सराव परीक्षेचं घड्याळ सुरू केलं का पहिल्याच प्रश्नाची अक्षरं हालायले लागतात. मागच्या रविवारी दिघोरीच्या स्टॉपवर तुमचा डबा घ्यायले उभी होती तं काही कारण नसताना तिथंच फुटपाथवर बसली. एका पाणीपुरीवाल्यानं पाणी दिलं. रूमवर येऊन पुस्तक उघडलं तं हृदयाचे कप्पे किती हेही आठवेना. ज्या पोरीले हृदयाचे कप्पे आठवत नाहीत ती नर्स काय होणार?

बाबांचं बोलणं तुमच्यासमोरच झालं होतं. एक साल दिलं, सरकारी कॉलेजात नंबर लागला तं ठीक, नाही तं नर्सिंगचं नाव पुन्हा काढायचं नाही. शेजारच्या मिनलताईनं मिहानमधल्या तिच्या कंपनीत पॅकिंगच्या जागेसाठी माझं नावही सांगून ठेवलं आहे. मिनलताई तिथं खुश आहे, मी त्या कामाले नाव ठेवत नाही. पण शाळा सुटल्यावर मी तुमच्या वार्डाबाहेरच्या बाकावर बसून राहायची ना, तेव्हाच माझं ठरलं होतं. ओरडत आलेलं माणूस तुम्ही नुसता मनगटाले हात लावला का हळू बोलायले लागायचं. मले तेच करायचं आहे, दुसरं काहीच नाही.

एक विचारू? नर्सिंग म्हटलं का बाबा तोंड फिरवतात. तुम्ही त्यायच्या सख्ख्या बहीण, तुम्ही आयुष्य त्यात काढलं. मंग त्यायले इतका राग काहून?

डब्यात लोभ ठेवला आहे, लोणच्याची बरणीही वापस केली आहे.

आपली,
हर्षा

•

उमरेड
रविवार, ३० मार्च २०२५

चि. हर्षा हिस,
अ. उ. आ.

अवं, चार कप्पे असतात. वर दोन, खाली दोन. आता पुन्हा विसरली तं तुले कान धरून उमरेडले आणीन.

फुटपाथवर बसली हे वाचून माझा जीव खालीवर झाला. उपाशी बाहेर पडत जाऊ नको. मंगळवारी आठ तारखेले सीईटी, तं सोमवारी पुस्तक बंद करजो. ओळखपत्र अन् हॉलतिकीट एका पिशवीत, ती पिशवी दाराच्या कडीले. पेपर समोर आला का लाल शाईतलं वाक्य मनात म्हणजो. बाकी काही आठवलं नाही तरी चालते.

मधुकरच्या रागाचं मी मंग सांगीन. ते पत्रात मावत नाही, अन् खरं सांगू तं त्यालेही पुरतं माहीत नाही.

दह्याची वाटी तुझ्या नावानं इथं ठेवीन. माया आहे तशीच आहे, तू फक्त जेवत जा.

तुझी,
आत्या

•

बेसा, नागपूर
रविवार, १३ एप्रिल २०२५

ती. आत्याबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

पेपर झाला. बरा गेला म्हणा. शंभर प्रश्न होते, त्यातले सत्त्याहत्तर सोडवले. तेवीस सोडले. तुम्ही लिहिलं तसंच केलं.

दीक्षानं सगळे शंभर भरले, त्यातले कितीक तं डोळे मिटून. ती तेव्हापासून गाणे म्हणत फिरून राहिली. मी तक्ता भिंतीवरून काढून ठेवला, उन्हानं शाई उडत होती. नीट अन् एम्स अजून बाकी आहे, अभ्यास चालू आहे. पुढच्या रविवारी डबा पाठवू नका, इथं मेसचं जेवण ठीक आहे. बाबांले सांगा बरा गेला.

लोभ असू द्या, माझ्यावर रागवू नका.

हर्षा

•

उमरेड
सोमवार, २१ एप्रिल २०२५

चि. हर्षा हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आठ दिवस उशीखाली आहे. माझ्यावर रागवू नका असं तू काहून लिहिलं ते मले समजत नव्हतं. काल समजलं.

आपल्या गल्लीतल्या मेडिकल स्टोअरवाल्याची रितिका पुढच्या साली परीक्षा देणार आहे. ती सीईटीची माहितीपुस्तिका घेऊन आली, म्हणे काकू मलेही असाच तक्ता करून द्या. मी पुस्तिका वाचायले घेतली. त्यात स्वच्छ लिहिलं आहे का चुकीच्या उत्तराले गुण कापत नाहीत. मी चार वेळा वाचलं. रितिकाले मोठ्यानं वाचायले लावलं, तिच्या ओठांकडे पाहिलं. कापत नाहीत, पोरी. एकही नाही.

तू ठेवून गेली त्या दोन पुस्तिका नीटच्या अन् एम्सच्या होत्या. नीटमध्ये चुकीले एक गुण कापतात, तो लिहिला. एम्समध्ये एक तृतीयांश, तो लिहिला. अन् तिसऱ्या ओळीत मी काय केलं ते तुझ्याजवळच्या कागदावर पाहा. दोन टिंबं मारली. वार्डात तापाच्या चार्टावर वरच्यासारखंच असलं का आम्ही हात वाचवायले डिट्टो मारत होतो. त्यावरून मी किती नव्या पोरींले झापलं आहे! मोजल्याबगर डिट्टो मारशील तं पेशंट मरन, असं म्हणून वही आपटली आहे. अन् घरच्या लेकराच्या चार्टावर मीच न पाहता डिट्टो मारला.

तेवीस प्रश्न. चार चार पर्याय. नुसते डोळे मिटून भरले असते तरी पाच-सहा बरोबर आले असते, अन् तुले तं त्यातलं अर्धं अर्धं येत असन. पाच-सहा गुणांत सरकारी कॉलेज मिळते अन् जाते. मी तुझं साल खाल्लं, हर्षा.

कालपासून घास उतरत नाही. तुझी आई विचारते का ताई बी.पी. वाढलं काय, मी हाव म्हणते. मधुकर खाणीतून येते, डंपरची धूळ धुते, अन् विचारते का पोरीचं कसं वाटते. मी ऐकू आलं नाही असं करते. भाऊ समोर बसला आहे अन् मी माझ्या बहिरेपणाच्या मांग लपली आहे. एवढं भेव मले रिटायर होईपर्यंतच्या नोकरीत एकदाच लागलं होतं.

तू त्यायले सांगशील का मी सांगू? जे म्हणशील ते करीन. तू रागाव, शिव्या दे, पण लिहीजो.

लोभ ठेव म्हणायचं तोंड मले राहिलं नाही.

आत्या

•

बेसा, नागपूर
बुधवार, २३ एप्रिल २०२५

ती. आत्याबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

कंडक्टरभाऊंनी काल संध्याकाळी पत्र दिलं. म्हणाले, आत्याबाई स्वतः स्टँडवर आल्या होत्या, चेहरा उतरलेला होता. तुम्ही जेवा. हे पत्र वाचायच्या आधी जेवा.

तुम्हाले आता जे सांगते ते मी दीक्षालेही सांगितलं नाही. आत्याबाई, मले माहीत होतं.

पेपर सुरू व्हायच्या आधी स्क्रीनवर सूचना येतात. सगळ्या वाचल्या असं म्हणून खाली चौकोनात टिचकी मारावी लागते, तेव्हाच पुढचं उघडते. मी वाचल्या. चुकीच्या उत्तराले गुण कापले जाणार नाहीत असं तिथं लिहिलं होतं. डोळ्यासमोर तुमचा तक्ता आला, तुमचं अक्षर, लाल शाई. मनात आलं, आत्याबाईंनी लिहिलं ते चुकीचं कसं असन? मीच इंग्रजी नीट समजली नसन. मराठीतही होतं खाली, तेही वाचलं. तरीही वाटलं का काहीतरी आड असन यात. आपण भरले अन् कापले तं बाबा म्हणतील का आत्याचं साधं एक वाक्य तुले पाळता आलं नाही.

एकेका प्रश्नावर हात जायचा अन् मी वापस घ्यायची. शेवटची दहा मिनिटं नुसती बसून होती. तेवीस मोकळे चौकोन समोर दिसून राहिले होते. वेळ संपली अन् स्क्रीन आपोआप बंद झाली. बाहेर आली तं दीक्षा म्हणे का सगळे भरले ना, फुकटचे होते. मी हाव म्हटलं.

चूक तुमची नाही. तुम्हाले समजलं तं तुम्ही कोलमडाल म्हणून मी लपवलं. तक्ताही त्याच्यासाठीच काढला, पाहिला का रडू यायचं. बाबांले आता काही सांगू नका. निकाल लागला का त्यायले आपोआप समजन. मी मिनलताईले फोन करीन.

तुमचा लोभ तसाच आहे ना, एवढंच कळवा.

हर्षा

•

उमरेड
रविवार, २७ एप्रिल २०२५

चि. हर्षा हिस,
अ. उ. आ.

लोभ आहे. आता ऐकून घे, कारण आज मी तुझ्यावर चिडली आहे.

डिट्टो माझा, ती चूक माझी, ती मी मरेपर्यंत कोणाले देत नाही. पण तू डोळ्यानं वाचलं, दोन भाषेत वाचलं, अन् माझं अक्षर मोठं मानलं? पोरी, उद्या वार्डात कोणी सिनियर तोंडी काही सांगन अन् बाटलीवर दुसरंच लिहिलं असन, तेव्हाही असंच करशील? तुझं पत्र वाचून सालाचं भेव मांग पडलं, हे पुढे आलं.

मधुकरच्या रागाचं आता सांगते. माझी पहिली पोस्टिंग होती, सहा महिने झाले होते. बाळंतीण बाई होती, तिले झोपेचं इंजेक्शन द्यायचं होतं. मोठ्या सिस्टरनं सांगितलं, दोन सीसी दे. माल नवा आला होता. मी बाटली उचलली तं लेबलवर ताकद दुप्पट लिहिलेली. मी वाचलं, हर्षा. तुझ्यासारखंच वाचलं. अन् मनात आलं, वीस वर्षं नोकरी झालेल्या सिस्टर, त्या चुकीचं कसं सांगतील? दिलं दोन सीसी. थोड्या वेळानं त्या बाईचा श्वास मंदावला, ओठ निळे पडले. डॉक्टर धावून आले, तिच्या नशिबाची दोरी बळकट, ती वाचली. मी तीन दिवस तिच्या खाटेजवळून उठली नाही. चौथ्या दिवशी मधुकर मले घ्यायले आला, आठवीत होता. त्यानं मले दवाखान्याच्या पायरीवर ओकताना पाहिलं. काय झालं ते मी कोणालेच सांगितलं नाही. त्याच्या डोक्यात एवढंच बसलं का या नोकरीनं माझ्या बहिणीची अशी दशा केली.

ते वाक्य त्या पायरीवरचं आहे. अन् ते पूर्ण नाही. शंका आली का हात मागे, अन् जाऊन विचार. दुसरा भाग मी तक्त्यावर लिहिलाच नाही, वाटलं परीक्षेत कोणाले विचारणार? पण तिथं पर्यवेक्षक मॅडम होत्या ना? चार पावलांवर असतील. तू हात वर केला असता तं एका मिनिटाचं काम होतं. मलेही एका मिनिटाचंच होतं.

काल मी मधुकरले समोर बसवून सगळं सांगितलं. डिट्टोचं, तुझं, अन् त्या बाळंतिणीचं. तो उठला. चप्पल घालून बाहेर गेला, जेवायलेही आला नाही. आजही ड्युटीवर गेला तं माझ्याकडे पाहिलं नाही. आता काय करन देव जाणे. मले त्याचं भेव वाटून राहिलं आहे, पण सांगितल्याचा पस्तावा नाही.

मिनलले फोन करू नको. थांब.

शेवयाची खीर पाठवली आहे, माया त्यातच आहे.

आत्या

•

उमरेड
रविवार, २५ मे २०२५

चि. हर्षास,
बाबाचे अ. आ.

मले पत्र लिहिता येत नाही, तुले माहीत आहे. चुकलं तं हसू नको.

आत्यानं सांगितल्याले महिना झाला. मी इतके दिवस बोललो नाही कारण काय बोलावं सुचत नव्हतं. इतकी वर्षं ती बाई समोर वावरत होती अन् मी समजत होतो का नोकरीनं तिले मारलं. तिनं तं त्या दिवसापासून एकही बाटली वाचल्याबगर उचलली नाही. उमरेडच्या दवाखान्यात लोक तिचं नाव घेऊन यायचे ते काहून, ते मले आता समजून राहिलं.

चार तारखेले तू नीट दिली, कशी गेली ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. आईजवळ तू म्हणे फोनवर एवढंच बोलली का बाबा चिडले असतील. मी चिडलो नाही. मले भेव लागलं होतं. खाणीत डंपर रिव्हर्स घेतो तेव्हा मांग उभा असलेला माणूस हात दाखवते, त्याच्यावर भरवसा ठेवतो, पण आरशात मीही पाहतो. हे मी तुले कधी शिकवलं नाही. घरात तं मी म्हणत आलो का मोठ्यायनं सांगितलं का पोरींनी वर विचारायचं नाही. तू विचारलं नाही. ते माझंच शिकवणं होतं.

सीईटीचा निकाल लागन तो लागो. मी एक साल म्हटलं होतं ते वापस घेतो. पुढच्या साली पुन्हा बस. मिनलले मी सांगितलं का जागा दुसऱ्या कोणाले दे.

एक तारखेच्या एम्सच्या पेपरले मी सुट्टी टाकली आहे, सेंटरपर्यंत येतो. नको म्हणू नको.

आईनं तुझा मोबाईल पुसून ठेवला आहे. जीव लावून आहो, लिहिता येत नाही एवढंच.

मधुकर

•

बेसा, नागपूर
सोमवार, २ जून २०२५

ती. आत्याबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा काल उन्हात चार तास सेंटरच्या फाटकाबाहेर उभे होते. पिशवीत ग्लुकोज, लिंबू, अन् तुमचा तक्ता. तक्ता त्यायनं काल सकाळी माझ्या टेबलावरून उचलला. फाटकाशी माझ्या हाती देऊन म्हणाले, एकदा पाहून घे, अन् काय चूक आहे ते मले दाखव. मी दोन टिंबांवर बोट ठेवलं. ते म्हणाले, तूच खोडून लिही. मी तिथंच त्यायच्या पाठीवर कागद ठेवून लिहिलं: गुण कापत नाहीत.

आत गेली तं तेच सगळं झालं. घड्याळ सुरू झालं अन् अक्षरं हालायले लागली. भेव तसूभर कमी नव्हतं, उगाच सांगत नाही. सूचना दोनदा वाचल्या. इथं एक तृतीयांश कापतात, ते तक्त्याशी जुळलं. पण एक गोष्ट समजेना. उत्तर देऊन वर नंतर पाहीन म्हणून खूण केली, अन् वेळ संपली, तं ते उत्तर धरतात का सोडतात? लिहिलं होतं, पण मले दोन अर्थ लागत होते. मी पुढे जाणार होती. कोण विचारन, इतक्या जणी गप्प आहेत.

मंग हात वर केला.

आवाज इतका बारीक निघाला का मॅडमले दोनदा ऐकावं लागलं. त्यायनं कपाळाले आठी घातली, म्हणाल्या सूचनांत आहे ना, वाचलं नाही का? मी म्हटलं, वाचलं मॅडम, शंका आहे. त्या दाराजवळच्या सरांकडे गेल्या, विचारून आल्या, अन् सांगितलं का उत्तर दिलं असन तं धरतात. माझ्या दोन्ही बाजूच्या पोरी अन् मांगच्या रांगेतल्या तिघी मान वळवून ऐकत होत्या. त्यायलेही तेच विचारायचं होतं, आत्याबाई. कोणीच विचारलं नव्हतं.

चौदा सोडले. या वेळी एकेक पाहून सोडले. नंबर लागन का नाही मले माहीत नाही, लागला नाही तं पुढच्या साली तिन्ही पुस्तिका मी स्वतः वाचीन, अन् तक्ता आपण दोघी मिळून आखू.

बाबा बाहेर भेटले तेव्हा पेपर कसा गेला हे त्यायनं विचारलं नाही. काही विचारलं काय कोणाले, असं म्हणाले. मी हाव म्हटलं. त्यायनं तोंड फिरवलं, अन् या वेळी मले समजलं का ते डोळे पुसून राहिले आहेत.

तक्ता सोबत वापस पाठवते. लाल शाईच्या खाली जागा मोकळी आहे. वाक्याचा दुसरा भाग तिथं तुम्हीच तुमच्या अक्षरात लिहा.

आपली,
हर्षा